वरच्या पट्टीतला माणूस

आई,

तुझ्या टेपवरचा तो माणूस गेल्या महिन्यात वारला. सकाळी चहा ठेवला होता आणि मोबाईलवर बातमी दिसली. अमेरिकेतला जुना गायक, वय झालेलं, झोपेतच गेला. सोबत म्हातारपणीचा फोटो होता, दाढी पांढरी, खांदे उतरलेले, पण डोळे तेच, काहीतरी लांबचं ऐकत असल्यासारखे. बघता बघता चहा उतू गेला. गॅस बंद करून मी ओट्यापाशीच उभा राहिलो, ही बातमी आता कुणाला सांगायची या विचारात. मग लक्षात आलं की जिला सांगावी अशी जगात एकच व्यक्ती होती, आणि तुला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली.

तरी खाली गेलोच. आमच्या इमारतीखाली बाकावर एक गृहस्थ बसतात, माझ्यासारखेच निवृत्त. त्यांना म्हणालो, माझ्या आवडीचा एक गायक गेला. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं, ते त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. पेपरची घडी घालत म्हणाले, "अहो, मग सुतक किती दिवसांचं धरलंय?" मी हसलो आणि वर येऊन दार लावून घेतलं. त्यानंतर मी कुणाशी एक शब्दही बोललो नव्हतो, हे मला दोन दिवसांनी बँकेतून फोन आला तेव्हा कळलं, कारण पहिला शब्द घशातून निघेना. पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम, सर आहेत का घरी? मी म्हणालो, सर बाहेर गेलेत. असं उत्तर मी सवयीनं देतो. जेवण घेऊन येणारी मुलं, गॅसवाले, विमेवाले, सगळ्यांसाठी मी फोनवर मॅडम आहे. दार उघडलं की ते माझ्या मिशीकडे बघतात आणि माझ्या मागे कुणी बाई उभी आहे का ते शोधतात.

तुला ती आजारी बाई आठवत असेल. कोरेगाव पार्कातल्या ज्या गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात तू कामाला होतीस, तिथे परदेशी लोक महिनोन्‌महिने राहायचे. त्यांतली ती एक, काळी, उंच, पन्नाशीची अमेरिकन बाई. तिला कावीळ झाली. मालक तिला दुसरीकडे हलवायच्या गोष्टी करत होता आणि तू त्याला विचारलंस की हलवून कुठं नेणार, तिचं इथं कोन हाय. मग तूच तिला मऊ भात, मुगाचं पाणी, उसाचा रस देत राहिलीस. तुला तिची भाषा येत नव्हती, तिला तुझी. शाळा सुटल्यावर मी मागच्या दारानं यायचो तेव्हा तू तिच्या खोलीत पलंगाशेजारी जमिनीवर बसून लसूण सोलत असायचीस, ती पडल्या पडल्या तुझ्याकडे बघत असायची आणि तिच्या उशाशी तो टेप वाजत असायचा. बरी होऊन निघाली तेव्हा तिनं तो टेप आणि आतली कॅसेट तुझ्या हातात ठेवली. तू नको नको म्हणत राहिलीस. तिनं तुझे दोन्ही हात धरून ठेवले, तुला सोडवता येईनात.

कॅसेट विकतची नव्हती, कुणीतरी घरी भरलेली होती. तिच्यावर फोटो नव्हता, नुसतं पेनानं लिहिलेलं एक नाव होतं, आणि त्या नावावरून आपल्याला काही कळण्यासारखं नव्हतं. तू पहिल्या दिवसापासून ठरवूनच टाकलंस की गाणारी बाई आहे. येरवड्याच्या आपल्या दोन खोल्यांत दादा रात्रपाळीवरून येऊन दिवसा झोपायचे, म्हणून तू टेप तांदळाच्या डब्यावर ठेवून वर गोधडी टाकायचीस आणि आपण दोघं गोधडीला कान लावून ऐकायचो. तो आवाज खालून सुरू व्हायचा, साध्या बोलण्यासारखा, आणि मग अचानक वर जायचा. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो टेकत नाही, नुसता वरच्या वर पळतो, तसा तो आवाज वरच्या वर राहायचा. तू म्हणालीस, "ही बाई रडत न्हाई, पर हिला रडू आल्यालं हाय." मी पुढे गाण्यावर पुष्कळ वाचलं, इंग्रजीतही वाचलं. त्या आवाजाबद्दल याहून खरं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. शब्दांचा अर्थ शाळेतल्या बाईंना विचारून येऊ का, असं मी एकदा म्हणालो, तर तू नको म्हणालीस. काय म्हनती ते कळतंय की, म्हणालीस.

त्याच वर्षी माझ्या बरोबरीच्या सगळ्यांचे आवाज फुटले आणि माझा फुटला नाही. म्हणजे फुटला, पण इतरांचा खाली गेला तसा खाली गेला नाही, वरच कुठेतरी अडकून बसला. वस्तीतल्या भजनी मंडळात मी लहानपणापासून गायचो. बुवांनी काही महिने वाट पाहिली आणि एका गुरुवारी सगळ्यांदेखत सांगितलं की हा खोटा आवाज आहे, गळा जागेवर येईपर्यंत याने नुसते टाळ धरावेत. टाळ घेऊन मी मागे बसलो आणि पुढच्या गुरुवारपासून गेलोच नाही. शाळेत मला काय म्हणायचे ते तुला कधी सांगितलं नाही, पण तुला ठाऊक असावं, कारण मी वाण्याकडे जायला टाळाटाळ करायला लागलो तेव्हा तू न विचारता स्वतः जायला लागलीस.

घरी मात्र मी त्या बाईबरोबर गायचो. इंग्रजी शब्द नुसते आवाजानं पाठ झाले होते. एका दुपारी गाता गाता आवाज चढला आणि दादा उठले. इतर बापांसारखे ते मारत नसत. दारात उभे राहून ते तुझ्याशीच बोलले, माझ्याकडे बघितलंही नाही. "पोरगी असती तर लगीन लावून मोकळा झालो असतो. ह्याचं काय करू?" आणि परत जाऊन झोपले. तू भाकरी थापत होतीस. तुझा हात थांबला नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, तू काहीतरी म्हणशील म्हणून. तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस, आणि काही म्हणाली नाहीस. त्या दुपारी मला तुझा राग आला होता, खूप.

आणि मग टेपनं कॅसेट खाल्ली. फीत बाहेर आली, चुरगळली, एका जागी तुटली. चुरगळलेला तुकडा कापून तू दोन्ही टोकं नखांना लावायच्या रंगानं चिकटवलीस, तो रंग कुणा पाहुण्या बाईकडून मागून आणला होतास. गाणं वाजायला लागलं, पण ऐन वर चढायच्या जागी ते उडी मारायचं. दोन-तीन शब्द गेले ते गेलेच. तुला चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी मला घेऊन तू कॅम्पात गेलीस, गाण्यांच्या दुकानात. त्याआधी तू स्वतःसाठी म्हणून कुठल्या दुकानात गेलेली मला आठवत नाही. मी कागदावर ते नाव उतरवून नेलं होतं. दुकानदारानं ते वाचलं, आपल्या दोघांकडे बघितलं, आणि मागच्या फळीवरून एक मोठी रेकॉर्ड काढून काउंटरवर ठेवली. वर एका पुरुषाचा फोटो. रुंद खांद्यांचा, गळ्याशी सदरा उघडा, दाट काळी दाढी, पैलवानासारखी मान.

तू विचारलंस, ह्यो कोन, तिचा मालक का? दुकानदाराला आधी समजलंच नाही, मग तो हसायला लागला. अरे मावशी, यही गाता है, म्हणाला. तुझा विश्वास बसेना. त्यानं रेकॉर्ड लावली. तोच आवाज, पण गोधडीखालून नव्हे, उघडा, सगळं दुकान भरून. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तू त्या फोटोवर हात ठेवलास, दाढीपाशी, आणि गाणं संपेपर्यंत काढला नाहीस. रेकॉर्ड आपण घेऊ शकत नव्हतो, आणि घेऊन वाजवणार कशावर? तू दुकानदाराला हात जोडलेस आणि आपण बाहेर पडलो.

मी अजूनही त्या बसस्टॉपवर उभा आहे असं मला कधीकधी वाटतं. ऊन आहे. तुझ्या हातात रिकामी पिशवी आहे. बस येत नाही. तू रस्त्याकडे बघत उभी आहेस आणि बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता, म्हणतेस, "बाप्या हाय तो. चांगला दांडगा बाप्या हाय. आन कुनाला भ्यायला न्हाई." बस आली, आपण चढलो, तू मला खिडकीपाशी बसवलंस. दादांना दिलं नाहीस ते उत्तर तू मला तिथे दिलंस, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा आरशात बघून गायलो, आवाज न काढता, नुसतं तोंड हलवून.

त्यानंतर शाळा सुटली की तू मला गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसवून गायला लावायचीस. बाकीच्या बायका आधी हसल्या, मग त्यांनाही सवय झाली. भांड्यांचा आवाज, कांदा, वाफ, आणि त्यात मी, वरच्या पट्टीत, न कळणाऱ्या भाषेत. माझ्या आयुष्यातले श्रोते म्हणजे त्याच चार बायका. पुढे कारखान्यात लागलो, नकाशे काढायच्या खोलीत. एकदा वार्षिक समारंभात धीर करून गायला उभा राहिलो. सुरुवातीला शांतता होती, मग मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळा हॉल हसायला लागला. मी गाणं पूर्ण केलं. खाली उतरलो आणि नंतर कुठेच गायलो नाही. लग्नाचंही तसंच राहून गेलं. तू दोन-तीन ठिकाणी मला दाखवायला नेलंस, एका घरी मुलीच्या मामानं विचारलं, घसा बसलाय का जावईबापूंचा? तू उठलीस, पदर सावरलास आणि मला म्हणालीस, चल. परत कुठे नेलं नाहीस.

शेवटी तुझ्या नाकातोंडात नळ्या होत्या. मोठ्या वॉर्डात, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं, तुला बोलता येत नव्हतं. तू माझ्याकडे बघत ओठ हलवायचीस आणि मला काही कळायचं नाही. मी वाकून तुझ्या कानाशी ते गाणं हळूच म्हटलं, उडी मारतं तिथे उडी मारून. तुला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. तुझे दोन फोटो आहेत माझ्याकडे, पण आवाज नाही. घरात टेप असून आपण तुझं बोलणं कधी भरून ठेवलं नाही. कॅसेट एकच होती आणि तिच्यावर तो होता.

त्याचं काय झालं ते तुला सांगायचंय. तो विसरला गेला नाही. मधली काही वर्षं विसरला गेला होता बहुतेक, पण मग नव्या पोरांनी त्याच्या आवाजाचे तुकडे कापून आपल्या गाण्यांत घातले. एकदा रिक्षात बसलो होतो आणि रिक्षावाल्याच्या मोबाईलवर कुठल्यातरी धडधडणाऱ्या गाण्याच्या मध्ये अचानक तोच आवाज आला, चार सेकंद, तव्यावरच्या थेंबासारखा, आणि गेला. मी रिक्षावाल्याला म्हणालो, परत लावता का. त्याला कळेना, काय परत लावू. लग्नांच्या व्हिडिओंत तो असतो, जाहिरातींत असतो. पुढे फोनवर सगळं ऐकायची सोय झाली तेव्हा मी ते गाणं सबंध ऐकलं, फीत तुटण्याआधी आपण ऐकायचो तसं. आपल्या कात्रीत गेलेले ते शब्द परत आले. ते वाईट नव्हते, पण तिथे पोचलो की मला अजूनही परक्या घरात शिरल्यासारखं होतं. आपल्या गाण्यात ते नाहीत.

तो गेल्यावर दोन आठवड्यांनी मोबाईलवरच दिसलं की कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत त्याच्या आठवणीत गाण्यांची संध्याकाळ आहे. तुझं गेस्ट हाऊस होतं त्याच गल्लीत. तिथे आता काचेची इमारत आहे. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. आत सगळी पंचविशी-तिशीतली मुलं, आयटीतली, कॉलेजातली. कुणीतरी मला कुणाचे तरी वडील समजून पुढे बसवायला लागलं, मी मागेच भिंतीपाशी बसलो. गाणारा तरुण यवतमाळकडचा होता, वाघोलीत राहतो, कुठल्याशा कंपनीत नोकरी करतो. त्यानं गिटार लावली आणि गायला लागला, आणि आई, तो सरळ वर गेला. काही न लपवता. समोर बसलेल्या मुली डोळे मिटून डोलत होत्या, मुलं त्याच्याबरोबर तसाच बारीक आवाज काढून गात होती आणि एकमेकांकडे बघून हसत होती, पण ते हसणं वेगळं होतं. कुणीही शिट्टी मारली नाही. म्हणजे मारल्या, पण कौतुकाच्या. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाबरोबर काहीतरी फार एकटं वाटलं. या मुलांना तो आवाज फुकट मिळाला होता. आपण तो गोधडीखाली ऐकला होता, आणि गोधडीखालचं ते गाणं जाणणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.

आपलं गाणं त्यानं शेवटी घेतलं. वरच्या जागेपाशी आला आणि त्याचा गळा बसला, संध्याकाळभर गाऊन दमला होता. तो हसला, माइकवरूनच म्हणाला, इथे तुम्ही सगळे म्हणा. मुलांनी प्रयत्न केला, कुणाला जमेना, हशा झाला. आणि मी म्हटलं. ठरवून नाही. बसल्या जागेवरून, डोळे उघडे ठेवून, आपली उडी मारून. त्या उडीमुळे माझं गाणं पुढे गेलं आणि तो गिटारवर मागे राहिला, मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मला येऊन गाठलं. "काकाजी, थांबू नका नं," तो म्हणाला. मी थांबलो नाही. कितीतरी मोबाईल माझ्याकडे वळले होते. गाणं संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या आणि मला काय करावं कळेना, मी हात हलवून काहीतरी बोललो आणि खाली बसलो.

नंतर त्यानं मला गाठून माझा नंबर घेतला आणि विचारलं, कुठे शिकलात. मी म्हणालो, स्वयंपाकघरात. त्याला वाटलं मी पुणेरी टोमणा मारतोय. ती जागा तुम्ही वेगळी घेता, ते शब्द का सोडता, असंही त्यानं विचारलं. मी सांगायला सुरुवात केली, कॅसेट, कात्री, नखांचा रंग, पण मध्येच त्याला कुणीतरी फोटोसाठी ओढून नेलं. मी थोडा वेळ थांबलो. मग रिक्षा करून घरी आलो, कुलूप उघडलं, दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी त्यानं व्हिडिओ पाठवला. मी स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकलेला नव्हता, ऐकायची हिंमतच केली नव्हती. गाणं ठीक आहे, वय दिसतं त्यात, दोन ठिकाणी श्वास पुरलेला नाही. पण टाळ्या वाजतात तेव्हा मी हात हलवून जे बोललो तेही त्यात आलंय. "बास बास, बसा आता," एवढंच. आई, ते मी बोललेलो नाही. ते तू बोललीस. तोच हेल, "आता"वर तीच किंचित खरखर, पंगतीत वाढून झाल्यावर तू वाढणाऱ्या बायकांना म्हणायचीस तसं. इतकी वर्षं मी तुझा आवाज आठवायचा प्रयत्न करत होतो आणि मला शब्द आठवायचे, आवाज यायचा नाही. तो फोनवर बँकेतल्या मुलीला ऐकू येत होता, गॅसवाल्याला ऐकू येत होता, मलाच तेवढा येत नव्हता.

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, आणि तुला वाचताही येत नव्हतं. ते इथेच राहील. परवा त्या तरुणानं मेसेज करून विचारलं, काकाजी, गाणं पाहिलं का, आवडलं का? मी हो म्हणून कळवलं. गाणं मी एकदाच ऐकलंय, नंतर रोज व्हिडिओ थेट टाळ्यांपाशी नेतो, हे त्याला सांगितलं नाही.